चार कडवी आणि दोन टन

संगीत माणसाला माणसाशी जोडतं. हे वाक्य आमच्या वसाहतीच्या सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं. त्याच्याच खाली लिहिलं होतं की लिफ्ट बंद आहे, विचारू नये.

निमित्त होतं संगीत महोत्सवाचं. वसाहतीच्या मागे कचरा वेगळा करायची शेड आहे. तिथे पुठ्ठे दाबून गठ्ठे बांधायची पद्धत अशी, की शेडवाल्या मावशी त्यांच्यावर उड्या मारत. आता मावशींचे गुडघे उड्यांना नाही म्हणू लागले होते. तेव्हा दाबाचं मशीन घ्यायचं आणि त्यासाठी महोत्सव करायचा, असं ठरलं.

कोणाकोणाला गायचंय, असं सेक्रेटरींनी विचारलं आणि त्र्याऐंशी जणांनी नावं दिली. कोणाला ऐकायचंय, हे विचारायचं राहून गेलं. रविवारी सकाळी नऊला सुरू केलं असतं तर महोत्सव मंगळवारी दुपारी आटोपत होता.

मार्ग मावशींनी काढला. "माझा मोठा तराजू स्टेजशेजारी टांगा," त्या म्हणाल्या. "एका पारड्यावर लिहा 'होऊ द्या', दुसऱ्यावर 'पुरे'. ज्याला जे वाटेल त्याने त्या पारड्यात भंगार टाकावं. 'पुरे' जमिनीला टेकलं की गाणारा खाली. भंगार सगळं शेडला. वरचा काटा एकूण वजन दाखवतो. दोन टन भरलं की ते विकून माझं मशीन आलं."

"मावशी, पण कलेचं काय?"

"कोरडी असेल तर घेऊ."

आमच्या बाबांचा नंबर एकेचाळिसावा होता. बाबांचं एक गाणं आहे, संथ, चार कडव्यांचं. चाळीस वर्षांत ते कधी तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचलेले नाहीत. न्हाणीघरात पाणी संपतं. ऑफिसच्या निरोप समारंभात दुसऱ्या कडव्याला साहेबांना भाषण आठवलं. माझ्या लग्नात पुन्हा दुसऱ्या कडव्याला माईकवाल्याने किल्ली सापडल्याची सूचना दिली. किल्ली बाबांचीच होती. "या वेळी पूर्ण म्हणणार," असं ते आठवडाभर सांगत होते. "मग डोळे मिटायला मोकळा." वय चौऱ्याहत्तर असल्यामुळे हे वाक्य घरात कोणाला आवडत नव्हतं. आईने मुकाट्याने डबे-बाटल्यांची तीन पोती भरून ठेवली.

बेचाळिसावा नंबर मीटरवाल्या काकांचा. विजेचे मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे दुसऱ्याचं चालू असलं की त्यांना राहवत नाही. शिवाय ते तळमजल्यावर राहतात आणि त्यांच्या गॅलरीत तीस वर्षांची वर्तमानपत्रं आहेत. आम्ही चौथ्या मजल्यावर.

बाबांनी डोळे मिटून सूर लावला. पहिलं कडवं निर्विघ्न पार पडलं. दुसऱ्याच्या मध्यावर काकांनी रद्दीचे चार गठ्ठे 'पुरे'त टाकले आणि पारडं सरसर खाली गेलं. आईने एक पोतं टाकलं. काकांनी सहा गठ्ठे. आईने उरलेली दोन पोती. पारडी हवेत झुलू लागली, तशी अंगणातली माणसं खुर्च्यांवरून उठली.

"काका, रद्दी परत न्या," मावशी म्हणाल्या. त्यांनी एक गठ्ठा हाताने दाबून पाहिला होता. "ओली केलीय. बावीस वर्षं धंद्यात आहे मी."

"दवाने झाली असेल."

"दव काय नळाला येतं?"

तेवढ्यात बाबा तिसऱ्या कडव्यात शिरले. आईने माझा दंड धरला. "पोचले रे," ती म्हणाली, "जा, माळा रिकामा कर."

मी आणि बायको धावलो. जुना मिक्सर, पत्र्याची ट्रंक, वाकडा पंखा, पडद्याचे दांडे. खाली येऊन टाकावं तर काकांनी सुक्या गठ्ठ्यांची रांगच लावलेली. मग मी माझी व्यायामाची सायकल आणली. तिच्यावर चार वर्षं फक्त टॉवेल वाळले होते. मावशींनी पान्याने सीट काढून बाजूला टाकली. "फोम नाही चालत. लोखंड चालतं."

"आमच्याकडून हे घ्या," असं म्हणत शेजारीण तिच्या नवऱ्याचे डंबेल्स घेऊन आली. नवरा मागे मागे येत होता आणि विरोधात होता. आता वसाहतीत सरळ दोन पक्ष पडले. ज्यांनी बाबांशी वर्षानुवर्षं पार्किंगवरून वाद घातला, ती माणसं 'होऊ द्या'साठी खिडकीचे जुने गज उपसत होती. काकांचे सख्खे मेहुणे फितूर झाले. जिन्यावर चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची टक्कर होत होती, "सरका सरका, कूलर आहे" अशा आरोळ्या चालल्या होत्या, आणि सेक्रेटरी, जे कायम तटस्थ असतात, ते दोन्ही पारड्यांत एकेक बादली टाकून तटस्थ राहिले.

"एक टन नऊशे," मावशी ओरडल्या.

'पुरे' जमिनीपासून चार बोटांवर आलं. आई माझ्याकडे वळली. "मागच्या गॅलरीत पाण्याची लोखंडी टाकी आहे. तिघं लागतील." गुडघे दुखतात म्हणून गेली दोन वर्षं आई दुसऱ्याच्या आधाराशिवाय जिना चढलेली नाही. ती माझ्या पुढे होती. तिकडे काका उरल्यासुरल्या गठ्ठ्यांसाठी गॅलरीत शिरले, त्यांची माणसं त्यांच्यामागे, आणि आमची माणसं आपापल्या घरी काय मिळतंय ते बघायला पांगली.

आम्ही टाकी गडगडवत खाली आणली, ढकलून पारड्यात टाकली आणि 'होऊ द्या' धाडकन जमिनीला टेकलं. मावशींनी आकडा बघितला, मग पुन्हा बघितला, आणि खाली बसून गुडघ्यांवर हात फिरवले. दोन टन चाळीस किलो. अंगणभर टाळ्या, शिट्ट्या. काकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. निम्मं वजन आपलं आहे, असं ते प्रत्येकाला सांगत होते.

बाबा स्टेजवरून उतरले. चारही कडवी म्हणून झाली होती. घामाने सदरा चिकटला होता आणि चेहरा असा, की चाळीस वर्षांत आम्ही तो पाहिला नव्हता.

"चौथ्या कडव्यात मी वरचा सूर घेतला," ते म्हणाले. "आधी कधी घेतला नव्हता. कसा लागला?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे, बायकोने मावशींकडे.

"मी काटा बघत होते," मावशी म्हणाल्या.

चौथं कडवं चालू असताना बाकी सगळी वसाहत जिन्यात होती.