विहिणीची हाक

आर्वीच्या बंडूजींच्या डीटीपी सेंटरात दोन हजार तीन साली कॉम्प्युटर एकच होता, आणि तो चालायचा रीताच्या हातानं. आष्टीच्या देवकाबाईंची लग्नातली गाणी तिनं महिनाभर बसून वर्डमध्ये उतरवली होती. एकशे बारा गाणी. मुलीकडच्या बायकांच्या ओळी जाड अक्षरात, मुलाकडच्यांच्या साध्या. कोणी कोणाला टोमणा मारायचा, ते नजरेलाच कळावं.

रविवारी देवकाबाईंच्या नातीचं, आचलचं लग्न. या गाण्यांचं पुस्तक मांडवात वाटायचं होतं. पानं लागायची पेजमेकरमध्ये, म्हणून रीतानं एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती स्क्रिप्ट वर्डमधून एकेक गाणं उचलायची आणि पेजमेकरच्या पानावर नेऊन ठेवायची.

गुरुवारी सकाळी देवकाबाई प्रूफ पाहायला आल्या. चष्मा चढवून वाचू लागल्या:

विहीणबाई आली, पंगतीत बसली,
लाडू सरले तरी जागची ना हलली!

आणि थबकल्या. "काऊन वो रीता, साऱ्या ओळी एकाच अंगाच्या? आमच्याच बाया आमच्याच आचलच्या मायले टोमणे मारतीन ना!"

रीताचा चेहरा उतरला. स्क्रिप्टनं शब्द तेवढे नेले होते, जाड अक्षराचं लेणं मागंच राहिलं होतं.

"चालते जी," बंडूजी म्हणाले. "उद्या छापाले द्याचं हाय. शब्द तं सारे हायेत ना?"

"शब्द हायेत, भाऊ," रीता म्हणाली. "बाई कोणाकडची, ते गेलं."

हातानं जाड करावं तर हजारावर ओळी. एक चुकली तरी भर मांडवात हसं. रीतानं देवकाबाईंना विचारलं, "मावशी, पुस्तक नव्हतं तवा पाळी कोणाची, कसं समजे?"

"त्यात का हाय? आधी हाक देतो, 'आइक वो विहीणबाई!' मंग गातो."

रीता ताठ बसली. स्क्रिप्टला तिनं शिकवलं: वर्डमधून निघताना प्रत्येक जाड ओळीपुढं तीन फुल्या मांड. पेजमेकरात पोचलीस की फुल्या शोध, ती ओळ जाड कर, फुल्या पुसून टाक.

पहिल्या खेपेला फुल्या आल्या, पण ओळी साध्याच राहिल्या. "हाक आली, गळा कुठी हाय?" देवकाबाई हसल्या. रीतानं चूक शोधून दुरुस्त केली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आणि पडद्यावर ओळीमागून ओळ भरत गेली, जशी मुलीकडची एकेक बाई उठून उभी राहावी.

पारख म्हणून देवकाबाईंनी जाड ओळी गायल्या. साध्या ओळींची विहीण व्हायची पाळी बंडूजींवर आली. त्यांचा भसाडा गळा ऐकून रस्त्यावरची माणसं दारात जमली. एकशे बारा गाण्यांत एक टोमणा चुकीच्या घरी गेला नाही.

शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी' या शब्दापुढं सेंटरचं नाव होतं. देवकाबाईंनी तिथं बोट ठेवलं.

"इथी हिचं नाव पाह्यजे."

बंडूजींनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. एका बोटानं, कळा शोधत शोधत, त्यांनी लिहिलं: रीता ढोले. रीतानं मदत केली नाही. ती नुसती पाहत राहिली.