पाठवणाऱ्याचे नाव नाही

"सांगतो, पण तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून मास्तरांनी खडू खिशात टाकला. खडू खिशात गेला की अर्धा तास फळ्याकडे कुणी फिरकत नाही, हे वर्गाला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं.

"तेव्हा शेअर म्हणजे कागद होता, कागद! स्क्रीनवरचा आकडा नव्हे. विकायचा तर मागे सही करायची, आणि ती जुन्या सहीशी जुळली नाही की कागद परत. एका गृहस्थाचा कागद तीनदा परत गेला. चौथ्यांदा मी स्वतः त्याच्या घरी. बघतो तर हात प्लास्टरमध्ये! म्हटलं, आता? तो म्हणाला, थांबा. चप्पल काढली, उजव्या पायाच्या बोटांत पेन धरलं आणि केली सही. अशी जुळली म्हणता! आमचे साहेब म्हणाले, ही तर मूळ सहीपेक्षा जास्त खरी वाटते."

"म्हणजे मूळ सहीसुद्धा पायानंच केली असणार," पहिल्या बाकावरून टॉपर म्हणाली. ही मुलगी आजवर दिलेल्या प्रत्येक परीक्षेत पहिली आली होती, आणि हे तिनं सांगण्याआधीच तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

"शक्यता नाकारता येत नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

वर्ग खो-खो हसला. शेवटच्या बाकावर काकूंनी मात्र वहीत लिहिलं : "पायाने सही – चालते. (उजवा)". मागच्या खेपेच्या वहीत त्यांनी "(डावा)" असं लिहिलं होतं. दोन्ही नोंदींत फरक का, हे विचारायचं त्यांच्या फार मनात होतं. पण वर्गात तोंड उघडायचं म्हटलं की त्या वहीतच डोकं घालून बसत.

बाकीच्या वेळी हे तोंड मिटत नसे. काकू एकोणीस वर्षं जावक विभागात होत्या. शेअरबाजारातले सौदे पुरे करून देणाऱ्या या क्लिअरिंग हाउसमधून बाहेर पडणारं प्रत्येक पाकीट त्यांच्या खिडकीतून जायचं, आणि पाकीट घेऊन आलेला माणूस दोन गोष्टी बोलल्याशिवाय, घोटभर चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. कोणाची बदली, कोणाच्या मुलीचं जुळलं, कोणाचं साहेबांशी फाटलं, सगळं आधी जावकमध्ये यायचं आणि मग नोटीस बोर्डावर. पुढे पाकिटंच संपली. सगळं स्क्रीनवरून जायला लागलं आणि खिडकीला फळी ठोकली गेली.

वरून पत्र आलं : तीन आठवड्यांचं सेटलमेंटचं, म्हणजे झालेल्या सौद्याचे शेअर आणि पैसे ज्याचे त्याला पोचते करण्याचं, प्रशिक्षण घ्यावं, तोंडी परीक्षा द्यावी, पास झाल्यास दुसऱ्या मजल्यावर सेटलमेंट विभागात टेबल. नापास झाल्यास गावाबाहेरचं दप्तर-गोदाम. तिथं जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि बोलायला फायलींखेरीज कुणी नव्हतं. काकू दोनदा नापास झाल्या होत्या. दोन्ही वेळा परीक्षकांसमोर एक शब्द फुटला नव्हता. तिसरी परीक्षा सोमवारी होती. चौथी नव्हतीच.

त्या शुक्रवारी सराव होता. सरावाच्या संगणकाला जाड पिवळी चौकट होती, म्हणजे खऱ्या बाजारावर चुकून बोट पडायला नको. या पिवळ्या बाजारात सगळ्या कंपन्या मास्तरांनी कल्पनेतून काढलेल्या. त्यात उडत्या छत्र्यांची कंपनी सर्वांत जुनी. तिच्या छत्र्या वाऱ्यानं नव्हे तर मालकाच्या मर्जीनं उडत, आणि गेली अठ्ठावीस वर्षं प्रत्येक तुकडीनं तिचे शेअर एकमेकांना विकले होते. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे एकदा एक परदेशी पाहुणा तिचा कारखाना बघायचा म्हणून अडून बसला होता आणि त्याला दोन तास गाडीतून फिरवून "आज सुट्टी आहे" असं सांगावं लागलं होतं.

काम सोपं होतं. झालेले सौदे समोर येतात, तपासून पुढे सोडायचे. अर्ध्या तासात टॉपरनं आपले संपवले. मास्तर एकेकाच्या मागे फिरत काकूंपाशी आले आणि थबकले. काकूंनी एकशे बारा सौदे परत पाठवले होते. प्रत्येकावर कारण नीट टाइप केलं होतं : "पाठवणाऱ्याचे नाव नाही. परत."

"बाई, हे काय केलंत?"

"नियमाप्रमाणे केलं, मास्तर."

"कुठल्या नियमाप्रमाणे?"

"घेणाऱ्याचं नाव आहे, देणाऱ्याचं नाही. असलं पाकीट मी एकोणीस वर्षांत पुढे जाऊ दिलेलं नाही."

मास्तरांनी खुर्ची ओढली. "अहो, देणारे आपण. क्लिअरिंग हाउस."

"आपण? आपल्याकडे कुठं आहेत छत्र्यांचे शेअर?"

"विकणाऱ्याकडून आपण घेतो, घेणाऱ्याला आपण देतो. दोघांच्या मध्ये उभे राहतो."

"मग विकणाऱ्याचं नाव लपवायचं?"

"लपवायचं नाही. लागतच नाही."

"असं कसं लागत नाही?" काकू कळवळून म्हणाल्या. "उद्या पाकीट हरवलं तर विचारायचं कुणाला?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. पुस्तकातलं उत्तर त्यांना पाठ होतं, पण हे उत्तर काकूंनाही पाठ होतं. त्यांच्या वहीत ते तीन वेळा, दोन रंगांच्या शाईत लिहिलेलं होतं. नुसतं घशाखाली उतरत नव्हतं.

"सोमवारपर्यंत विचार करा," ते हळू आवाजात म्हणाले. "परीक्षेला मी आहे, पण एकटा नाही. मोठ्या बाई आहेत. त्या माझ्यासारख्या लांबण लावत बसत नाहीत."

मोठ्या बाई म्हणजे प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख. त्यांनी बघितलं की घड्याळसुद्धा दोन मिनिटं पुढे जातं, असं मास्तर सांगत. निदान हे तरी सगळ्यांना खरं वाटे.

काकूंचं घर तीन मजली. वर थोरली जाऊ, खाली धाकटी, मधे काकू. थोरली आणि धाकटी आठ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण कशावरून झालं ते आता दोघींनाही नीट आठवत नव्हतं, पण आठवत नाही हे कबूल करायला दोघीही तयार नव्हत्या.

शनिवारी सकाळी धाकटीचा गॅस संपला. घरी पाहुणे यायचे होते. ती वर येऊन काकूंना म्हणाली, "मधल्या वहिनी, उद्या सकाळपर्यंत एक भरलेलं सिलिंडर द्याल? माझं उद्या येतंय."

काकूंकडे एक जास्तीचं होतं, पण ते अडीअडचणीला ठेवलेलं, त्याला हात लावायचा नाही असा त्यांचा दंडक. त्या वर थोरलीकडे गेल्या.

"कुणाला पाहिजे?" थोरलीनं विचारलं, आणि लगेच हात वर केला. "नको, सांगू नकोस. मी तुला देतेय. उद्या दहा वाजता मला तुझ्याकडून परत पाहिजे. मधे ते कुठं फिरतं याच्याशी मला देणंघेणं नाही."

सिलिंडर खाली आलं. आणलं काकूंच्या नवऱ्यानं. "दोघी एकमेकींशी बोलल्या असत्या तर माझी कंबर वाचली असती," असं दर पायरीला एकदा म्हणत.

"कुणाकडून आणलंत?" धाकटीनं विचारलं.

"माझ्याकडून," काकू म्हणाल्या.

"बास. मग मला बाकीचं काही ऐकायचंच नाही."

रविवारी दहाला थोरली दारात हजर. धाकटीचं सिलिंडर आलेलं नव्हतं. काकूंनी नवऱ्याला खूण केली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं स्वतःचं ठेवणीतलं सिलिंडर बाहेर काढायला लावलं.

थोरलीनं चष्मा लावून ते नीट न्याहाळलं. "हे माझं नव्हे. माझ्या सिलिंडरवर बाजूला ओरखडा होता."

"जाऊबाई, गॅस आहे ना यात? भरलेलं आहे ना? ओरखड्यावर पोळी भाजता का तुम्ही?"

"तसं नाही."

"मग न्या की!"

थोरली सिलिंडर घेऊन गेली, म्हणजे काकूंचा नवरा ते घेऊन वर गेला. काकू तरातरा जिना उतरू लागल्या. धाकटीला गाठून चार शब्द सुनावायचे होते : वेळेवर का दिलं नाहीस, आता तुझं आलं की सरळ माझ्या कोपऱ्यात आणून ठेव, आणि माझ्या नवऱ्याच्या कंबरेला मलमही तूच आणून दे.

सहाव्या पायरीवर त्या थांबल्या.

थोरलीला सिलिंडर मिळालं होतं. धाकटीनं बुडवलं हे तिला कळलंही नव्हतं, आणि कळायचं कारणही नव्हतं. धाकटीला कुणाचा गॅस जळतोय याचा पत्ता नव्हता. दोघींचा व्यवहार पुरा झाला होता, आणि दोघींचाही एकमेकींशी नव्हता. दोन्ही वेळा समोर एकच बाई होती.

काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग आल्या पावली परत वर गेल्या. नवरा पलंगावर उताणा पडून कण्हत होता.

"अहो, ऐकलंत का? मी क्लिअरिंग हाउस आहे!"

नवऱ्यानं एक डोळा उघडला. "कधीपासून?"

"आठ वर्षं!"

"बरं. मग जेवायला आज वाढणार की सेटलमेंट मंगळवारी?"

सोमवारी काकू चांगली साडी नेसून, केस चापून बसवून निघाल्या. सगळ्या वाटभर त्यांच्या मनात वाक्यं कशी ओळीनं उभी होती. परीक्षेच्या खोलीचं दार उघडलं, आणि लांब टेबलापलीकडे तीन माणसं दिसली. मधे मोठ्या बाई, डावीकडे मास्तर, उजवीकडे यंत्रणा सांभाळणारा इंजिनिअर. त्यासरशी सगळी वाक्यं उठून दाराबाहेर गेली.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "सौद्याच्या पूर्ततेत क्लिअरिंग हाउसची भूमिका स्पष्ट करा."

काकू बसल्या. भूमिका! जिन्यात भूमिका कुठं होती? तिथं नुसतं सिलिंडर होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. भिंतीवरचं घड्याळ खरोखरच भराभर पळत होतं.

"सोपा करून विचारू का?" इंजिनिअर म्हणाला.

काकूंनी मान हलवली. हो की नाही ते त्यांनाही कळलं नाही.

मोठ्या बाईंनी नापासाच्या रकान्याकडे पेन नेलं.

"बाई, एक मिनिट," मास्तर खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "तुमचं पेन बघून एकदम आठवलं. सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही."

"मास्तर, परीक्षा चालू आहे."

"काकू विचार करताहेत. तोवर आपण गप्प बसून काय करायचं? तर एक होता पैलवान. इतका दणकट, की वजनकाट्यावर उभा राहिला की काटाच माफी मागायचा. यानं एकदा शंभर शेअर घेतले. विकणारा कोण? एक शिंपी. किडकिडीत! स्वतःच्या सुईमागे लपायचा."

इंजिनिअर खुदकन हसला. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे बघितलं, पण पेन खाली टेकलं नाही.

"आता सेटलमेंटचा दिवस उजाडला, आणि पैलवानाच्या खात्यात शेअर नाहीत! शिंप्यानं दिलेच नव्हते. पैलवान पेटला. काठी घेतली आणि सकाळी सहाला शिंप्याच्या दारात. शिंपी छपरावर! पैलवान खाली ठाण मांडून. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस. शिंप्यानं वर बसून तीन सदरे शिवले, दोरीनं खाली सोडले, गिऱ्हाइकांनी वर डबे पाठवले. पैलवान त्यातला प्रत्येक डबा आधी स्वतः चाखायचा..."

"मग?" मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

काकूंनी पर्सचा पट्टा सोडला होता. त्या खुर्चीच्या कडेवर सरकल्या होत्या. "मास्तर," त्या पुटपुटल्या.

मास्तरांना ऐकू आलं नसावं. "मग आठव्या दिवशी पैलवानानं छपराचा खांबच धरला हो दोन्ही हातांनी! म्हणाला, शिंप्या, माझे शंभर शेअर टाक, नाहीतर..."

"मास्तर, थांबा!"

"नाहीतर घर उचलून..."

"खोटं!" काकू ताडकन उभ्या राहिल्या. "साफ खोटं! घर उचलेल, नाहीतर डोंगर उचलेल, पण त्याला शिंप्याचा पत्ता दिला कुणी?"

"बाई, मी स्वतः तिथं हजर होतो."

"तुम्ही असाल. पैलवान नव्हता! त्यानं शिंप्याकडून काही घेतलेलंच नाही. शिंप्यानं विकलं ते आपल्याला, पैलवानानं घेतलं ते आपल्याकडून. शिंप्यानं दिलं नाही तर त्याला आपण बघू, दंड करू, तो आपला प्रश्न. पण त्यासाठी पैलवानाचं अडवून ठेवायचं? बाजारातून विकत घेऊ, नाहीतर अडचणीला बाजूला ठेवलेल्यातून भागवू. कुणाचे का असेनात, शंभर म्हणजे शंभर. काठी घेऊन यायचंच होतं तर त्यानं आपल्या दारात यायला हवं होतं, मास्तर. आणि तशी वेळ त्याच्यावर आपण येऊच दिली नसती!"

मोठ्या बाईंनी पेन नापासाच्या रकान्यावरून उचललं आणि शेजारच्या रकान्यात टेकवलं.