शिंपी की म्हातारा

कावळा बाभळीवरून उतरला, पिंडाभोवती एक फेरी मारली, भाताकडे पाहिलं आणि मीठ कमी पडलेल्या पाहुण्यासारखं तोंड करून परत फांदीवर जाऊन बसला.

"न्हाई शिवत," बंटी म्हणाला. नुकतंच गुळगुळीत झालेलं त्याचं डोकं उन्हात चमकत होतं.

कामथडीच्या नदीकाठी त्याच्या वडिलांचा, बाजीरावांचा, दहावा चालला होता. कापूरहोळच्या फाट्यावर बाजीरावांचं गॅरेज. आसपासच्या निम्म्या मोटरसायकली त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे गर्दी चांगली होती. काहीतरी इच्छा राहिली असणार, असं गुरुजींनी सांगितलं, तसे एकेक जण पुढे येऊन शब्द देऊ लागले.

"आण्णा, गॅरेज ईकत न्हाई," बंटी म्हणाला.

"आण्णा, आईला मी संबाळती," त्याची बहीण पिंकी म्हणाली.

बाजीरावांच्या धाकट्या भावाने बांधावरच्या आंब्यावरचा हक्क सोडला. कावळ्याला ऐकू जाईल पण बायकोला जाणार नाही, अशा आवाजात. श्रद्धांजलीला आलेल्या पुढाऱ्याने माइक मागवून घेतला आणि वस्तीच्या रस्त्याचं आश्वासन दिलं. त्यावर कावळा पलीकडच्या झाडावर गेला.

सगळ्यांच्या मागे, चपलांच्या ढिगाजवळ, भोरच्या शाळेतले कारकून केशवराव उभे होते. बाजीरावांच्या बायकोने, बनाबाईंनी, त्यांच्याकडे बघितलं.

"भावजी, तुमचंच ऱ्हायलंय. दवाखान्यात सारकं म्हनत व्हते, केशवरावांनी अजून कबूल केलं न्हाई."

सगळी गर्दी वळली.

"किती गुंठं?" कुणीतरी शेजारच्याला विचारलं.

गुंठे नव्हते. कॅसेट होती.

फार वर्षांपूर्वी एक टेम्पो दुरुस्तीला आला, त्याच्या टेपमध्ये ती अडकलेली. अभंगाची असेल, असं मालक म्हणाला. चिमट्याने ओढून लावली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते ड्रम. मालकाने दोन्ही हात जोडून ती गॅरेजलाच दान केली. त्या दिवशी केशवरावांची स्कूटर बंद पडली होती, म्हणून ते तिथे टायरवर बसलेले. लेबल डिझेलने पुसलेलं, 'जॅझ' एवढंच वाचता येत होतं. एका बाजूला एक वाजवणारा, दुसऱ्या बाजूला दुसरा. नावं कळायला मार्ग नव्हता, तेव्हा बारसं बाजीराव आणि केशवरावांनीच केलं. पहिला सुसाट, पण एक टाका इकडचा तिकडे नाही, तो शिंपी. दुसरा थोडंच वाजवायचा, विचार करून वाजवायचा, आणि मध्येच चक्क थांबायचा, तो म्हातारा.

बाजीराव शिंप्याचे. "हात बगा त्याचा. इंजान असं लागलं तर गिऱ्हाईक पुन्यांदा येत न्हाई."

केशवराव म्हाताऱ्याचे. "शिंपी वाजवतो, बाजीराव. म्हातारा सांगतो."

"काय सांगतो?"

"ते सांगता येत नाही."

"मग त्यो तरी कसा सांगंल?"

आणि म्हातारा थांबला की पान्यावरून मान वर न करता बाजीराव म्हणायचे, "गेला च्या प्यायला."

दर शनिवारी शाळा दुपारी सुटली की हे चालायचं. स्कूटर विकून टाकल्यावरही केशवराव एसटीने गॅरेजला येत राहिले. त्यांना आयुष्यात मत असं हे एकच होतं. शाळेत हेडमास्तरांचं मत चाले, घरी शुभदाताईंचं. नातू झाल्यावर शुभदाताई मैथिलीकडे, लेकीकडे, पुण्याला गेल्या त्या तिकडेच रमल्या. घरातलं मतही त्यांच्याबरोबर गेलं. उरलं हे एवढं, आणि ते ऐकून घेणारा, म्हणजे खोडून काढणारा, माणूस जगात एकच.

दवाखान्यात बाजीरावांनी त्यांचा हात धरला होता. "एकदा म्हना, शिंपी भारी. म्या सुटतो."

"बरे व्हा, मग बघू," केशवराव म्हणाले होते. वाद अर्धा ठेवून माणूस जात नाही, अशी त्यांची समजूत होती.

आता ते पिंडासमोर येऊन उभे राहिले. चष्मा पुसला.

"बाजीराव," ते पुटपुटले, "शिंपी भारी."

कावळ्याने मान वाकडी केली. एक फांदी खाली आला, आणि तिथेच चोच घासत बसला.

"जोरात बोला," मागून सूचना आली. "म्हातारपनी ऐकू कमी येतं."

"शिंपी भारी," केशवराव मोठ्याने म्हणाले. पुढाऱ्याने मान डोलावली. शिंपी समाजाला त्याचाही पाठिंबा होता. कावळा हलला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. स्वयंपाक निवत होता.

केशवरावांची कानशिलं तापली.

"लोक खोळंबलेत म्हणून म्हणालो," ते पिंडाला म्हणाले. "मला ते पटलेलं नाही, आणि तुम्हालाही माहितेय ते. तुमचा शिंपी हुशार आहे, मान्य. त्याची एक चूक दाखवता येत नाही. पण तो एकटा असतो का हो कधी? इतक्या घाईत असतो की त्याला वेळच नाही एकटं पडायला. म्हातारा पडतो. म्हणून थांबतो तो. बोला, आता काय म्हणणं आहे तुमचं?"

आणि सवयीप्रमाणे ते उत्तराची वाट बघत थांबले.

 गुरुजींचे हात दर्भावर थांबले. नदीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. त्या शांततेत कावळा निवांत खाली आला आणि भातात चोच घातली.

"शिवला," पिंकी म्हणाली. लगेच चपलांची शोधाशोध सुरू झाली. पुढारी रस्त्याचं यश मोजत जेवायला निघाला. केशवराव मात्र तसेच उभे होते. उत्तर अजून यायचं होतं.

जेवणं झाल्यावर बंटीने त्यांना मोटरसायकलवर कापूरहोळला आणून सोडलं. गॅरेजचं शटर अर्धं वर करून आतून कॅसेटसकट टेप काढून दिला.

"काका, ह्यो तुमी न्या. आमाला ह्यातलं काय कळत न्हाई."

"तुला कोण आवडतो? शिंपी की म्हातारा?"

"दोगं येगळे हायेत व्हय?" बंटी म्हणाला, आणि पाहुणे खोळंबलेत म्हणून निघून गेला.

भोरची एसटी यायची होती. केशवराव आपल्या टायरवर बसले. समोर बाजीरावांचं लाकडी खोकं पालथं पडलेलं होतं. त्यांनी आधी शिंप्याची बाजू लावली, आणि पहिल्यांदाच मध्ये एक शब्द न बोलता शेवटपर्यंत ऐकली. मग कॅसेट उलटली.

म्हातारा वाजवत आला, वाजवत आला, आणि थांबला.

केशवरावांनी खोक्याकडे बघितलं. हायवेवरून एक ट्रक गेला. आज म्हाताऱ्याला चहाला धाडायला कुणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला.