सदतिसावी गाठ

"दगड काय चालत आला इथं? पाय फुटले त्याला?" धाकटा म्हणाला.

"मी सरकवलेला नाही. देवाशपथ," दादा म्हणाला.

"शपथा राहू देत. फायदा कुणाचा झाला ते सांग!"

मोजणीदार टेप हातात धरून अवघडल्यासारखा उभा होता. त्याच्याजवळ आबांच्या हातची चिठ्ठी होती : रस्त्यापासून चाळीस गाठी धाकट्याच्या, पुढची जमीन थोरल्याची. गाठ म्हणजे चार हात. आणि हद्दीचा दगड निघाला सदतिसाव्या गाठीवर. मधल्या बारा हातांत दादाने लावलेल्या लिंबांची ओळ होती, फळांनी वाकलेली.

"तिघा वारसांच्या सह्या झाल्या की जमीन ज्याच्या त्याच्या नावावर होईल," मोजणीदार म्हणाला. मी माझा वाटा मागितलाच नव्हता. सही तेवढी द्यायची होती.

"चोराशेजारी माझी सही नाही. आता कोर्टातच भेटू," धाकटा म्हणाला. दादाचा चेहरा पडला. सगळ्या जन्मात त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

मी दगडाकडे बघत होते. तिथे पूर्वी चिंच होती. केवढी गार सावली तिची!

आबांना तेव्हा शस्त्रक्रियेला जायचं होतं. "माझं काही बरंवाईट झालं तर पोरं भांडायला नकोत," म्हणून त्यांनी विहिरीच्या दोराला दहा गाठी मारल्या आणि जमीन मोजायला काढली. दादा शाळेत, धाकटा पाळण्यात. दोराचं पुढचं टोक धरायला मी, आठ वर्षांची, अनवाणी. मी थांबायचे तिथे आबा खूण करायचे. तीन दोर झाले. चौथ्याला पाय इतके पोळले, की मी चिंचेखालीच थांबले आणि उरलेला दोर पाठीमागे मुठीत गुंडाळला.

"ताठ आहे ना गं, चिमणे?" आबांनी लांबून विचारलं.

"ताठ आहे, आबा!"

ते आले, माझ्या पायाशी दगड पुरला, डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी माझी पोर," म्हणाले.

रोज पहाटे देवापुढे बसून कालची चूक आठवायची, हा माझा कितीतरी वर्षांचा नेम. एवढी जुनी चूक कधी आठवलीच नव्हती. आबांचा तो हात तेवढा आठवायचा.

"दादाने काही केलं नाही रे," मी म्हणाले. "मी केलं." आणि सगळं सांगितलं.

धाकटा टाचेने ढेकूळ फोडत राहिला. दादा लिंबांच्या ओळीवरून एकदा चालत गेला, परत आला.

"चाळीसच धरा," तो मोजणीदाराला म्हणाला. "आबांचा शब्द आहे."

"दादा, लिंबं तू तोडत जा..." धाकटा म्हणाला.

मोजणीदाराने टेपचं टोक माझ्यापुढे केलं. "ताई, जरा धरता? खूण करतो."

मी चपला काढल्या आणि बारा हात पुढे जाऊन उन्हात उभी राहिले. टेप ताणून धरली. माती तेव्हासारखीच पोळत होती.

दादा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मग अर्धं पाऊल सरकला, आणि त्याची सावली माझ्या पायांवर पडली.