म्हातारी खरं सांगते

"भूपेशभाऊ, ही तर तुम्ही पाहायलाच पाहिजे," गल्ल्यावर बसलेल्या चिन्मयीवहिनींनी मोबाइल त्याच्यापुढे धरला. "नागपूरच्याच विणकरांवर आहे. मला रात्रभर झोप लागली नाही."

भूपेश गिऱ्हाइकानं विस्कटून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालत होता. इतवारीतल्या या दुकानाच्या मालकांची सून दर आठवड्याला स्टेटसवर एका डॉक्युमेंट्रीची शिफारस करायची. कधी समुद्रातलं प्लास्टिक, कधी वितळणारा बर्फ. 'विचार करायला लावते, नक्की पाहा' हे वाक्य ठरलेलं. आज तर तिनं ती पाहायला आपल्या अ‍ॅपचा पासवर्डही दिला. मालकिणीनं एवढ्या अगत्यानं सांगितल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी घरी जेवणं झाल्यावर त्याच्या मुलीनं, काजलनं ती टीव्हीवर लावली. तिची आजी, म्हणजे भूपेशची आई तुळजाबाई, खाटेवर बसल्या. थोड्याच वेळात काजल ओरडली, "आजी! तूच आहे न वं!"

पडद्यावर खरंच तुळजाबाई होत्या. नवी साडी, डोक्यावर पदर.

"दोन पोरी आल्या होत्या कॅमेरा घेऊन," त्या लाजून म्हणाल्या. "तू दुकानात होता. लय मायेनं बोलत होत्या."

भूपेशलाही हसू आलं. तेवढ्यात पडद्यावरची आई बोलू लागली.

"पोरानं माग इकून टाकला. आम्ही दवाखान्यात होतो. घरी आलो त मागाखालचा पाय सोडाचा खड्डा बुजवून वरतून फरशी बसवली होती. हे एक शब्द नाही बोलले. पण दोन दिवस अन्नाले हात नाही लावला. मंग अंथरूणच धरलं."

मागे सारंगी वाजली. मग एक भारदस्त आवाज नव्या पिढीबद्दल, तिला वारशाची किंमत नसल्याबद्दल बोलू लागला. काजलनं बापाकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

भूपेशनं टीव्ही बंद केला.

"माग कायच्यासाठी इकला, ते काहून नाही सांगितलं वं माय?"

"सांगितलं न गा! तुह्या बाबाच्या ऑपरेशनचं सांगितलं. तू रातभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहे, तेही सांगितलं. त्यायनं नाही दाखवलं त मी काय करू?"

त्याला जरा हायसं वाटलं. म्हणजे लबाडी त्या पोरींची होती. पण एक गोष्ट विचारायची राहिलीच होती.

"अन्‌ बाबा जेवले नाही, ते?"

म्हातारी म्हणाली, "ते खरं हाय."

"मले कधी बोलली नाही तू."

"तू इचारलं कधी? त्या पोरीनं इचारलं."

बाबांचे ते शेवटचे दिवस त्याला लख्ख आठवले. औषधांनी बाबांचं तोंड कडू झालं असेल, असं त्याला वाटलं होतं. त्यानं संत्री आणून, सोलून वाटीत ठेवली होती. फोडी तशाच सुकल्या. मग एका सकाळी दुकानात निघताना तो त्यांच्यावर खेकसला होता, "एवढं करून राहिलो तुमच्यासाठी, अन्‌ तुमी खाऊन नाही राहिले!" बाबांनी एक फोड उचलून तोंडात घातली होती. त्यालाच बरं वाटावं म्हणून. त्यानंतर तो निश्चिंत मनानं सायकल काढून निघाला होता.

काजल अभ्यासाचं पुस्तक घेऊन आत गेली. रोज ती त्याच्याजवळच बसायची.

दुसऱ्या दिवशी एक प्राध्यापक बाई हातमागाची करवतकाठी साडी मागत आल्या. वहिनींनी लगेच विषय काढला.

"ती डॉक्युमेंट्री पाहिलीत का तुम्ही? त्यातला तो मुलगा! बाप दवाखान्यात आणि हा माग विकून मोकळा. इतका राग आला मला! आमच्या भूपेशभाऊंनीही पाहिली. हो ना, भूपेशभाऊ? सांगा यांना, कशी आहे ती."

भूपेशच्या हातात साडीचा पदर होता. बाईंना काठ नीट दिसावा म्हणून त्यानं तो उजेडाकडे धरला.

"पाहा मॅडम," तो म्हणाला. "म्हातारी खरं सांगते त्यात."

आणि तो शिडीवर चढून वरच्या फळीवरचं दुसरं गाठोडं काढू लागला.