पोफळींकडची मूळ बिलं

क्लायंटची मूळ बिलं स्वतःपाशी ठेवून घेण्यात सीए पोफळींचा फायदा सरळ होता: ज्याचे कागद आपल्या कपाटात, तो दुसऱ्या सीएकडे जात नाही. "घरी उंदीर खातील, माझ्याकडे राहू द्या," असं ते अगदी मायेनं सांगत. हिंगण्यात वर्कशॉप चालवणाऱ्या धम्मानंदनं घर बांधल्याची सगळी बिलं अशीच त्यांच्या नागपुरातल्या सदर भागातल्या ऑफिसात नेऊन दिली होती.

पुढे पोफळींना सत्कारांची चटक लागली. शाली आणि स्मृतिचिन्हं मांडायला कपाट हवं, म्हणून एका दिवाळीच्या सफाईत त्यांनी जुन्या फायली रद्दीत घातल्या. क्लायंटना विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत.

यंदा धम्मानंदनं ते घर विकलं आणि बांधकामखर्चाचा पुरावा मागणारी आयकर खात्याची नोटीस आली.

"साहेब, बिलं तुमच्यापाशीच हायेत ना जी?"

"इतकी जुनी कोण ठेवतं? झेरॉक्स का नाही काढली तुम्ही?"

"तुम्हीच तर म्हणत होते, कायले पैसे घालवता!"

पोफळींनी विषय बदलून कपाटातल्या 'विश्वासू सल्लागार' स्मृतिचिन्हावरची धूळ पुसली.

पुराव्याविना खर्च मान्य झाला नाही. नोटिशीला उत्तर दिल्याच्या फीची पावती फाडून पोफळी म्हणाले, "महत्त्वाची आहे. माझ्याकडेच ठेवू?"

"राहू द्या जी," पावती खिशात घालत धम्मानंद म्हणाला, "आमच्या घरचे उंदीर बरे."

जादा कर त्यानं भरला, फीही त्यानंच भरली. पोफळींचा फक्त एक क्लायंट गेला, आणि रद्दीचे पैसे तर त्यांना आधीच मिळाले होते.