गॅलियन पाण्यात घातलं तेव्हा

आमच्या मुलुंडच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण गेली सहा वर्षं आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो. टेबलावर जहाज आहे. साधंसुधं नाही, गॅलियन. चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज लोक आपल्या वसईला सागवानाची मोठाली जहाजं बांधत, त्यातल्यासारखंच एक, फक्त दोन हात लांबीचं. आमचे हे, नाव बाळ, एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाले आणि आठवड्याभरात सागवानाच्या पट्ट्या घेऊन घरी आले. मला वाटलं, चला, देव्हारा करतायत.

कसला देव्हारा! आधी माशाच्या काट्यासारखा सांगाडा उभा राहिला, मग त्यावर एकेक पट्टी वाफेवर वाकवून बसवली. वाफ कुठली, तर माझ्या मोदकपात्राची. शिडांसाठी माझ्या पांढऱ्या मलमलच्या साडीचा पदर गेला. तेव्हा मी चार दिवस बोलले नाही, आणि ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. भुसा तर मेला पोह्यांतसुद्धा सापडायचा. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "वा, झकास शोपीस आहे हो!" त्यावर ह्यांचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, कौतुक केलं तरी माणूस खूश कसा होत नाही?

मग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि हे पूर्ण बरं होणारं नाही, असंही सांगून टाकलं. पुढे डावाही सुरू झाला. डोलकाठ्यांच्या दोऱ्या बांधताना चिमटा हातातून गळायचा. एकेक गाठ मारायला अख्खी दुपार जायची. मी समोर बसून वाटाणे सोलायचे आणि तिकडे बघायचं टाळायचे.

दिवाळीनंतर शेवटचं शीड चढलं. मी हौसेनं काचेची पेटी सांगून आले. पेटी यायच्या आदल्या आठवड्यात हे म्हणाले, "पेटीत घालण्याआधी एकदा पाण्यात घालू या."

"डोकं ठिकाणावर आहे ना?" मी ओरडलेच. "पाण्यात आपण विसर्जन करतो! बुडालं तर? या हातांनी आता दुसरं होणार आहे का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे मात्र रागावले नाहीत.

"नाही होणार," ते म्हणाले. "म्हणून तर. मी जहाज बांधलं की नुसतं शोपीस, हे मला कळायला नको? खरं जहाज वारा धरून ओढ घेतं, उत्तरा. दोरी हातात असली की समजतं. एकदा माझ्या हाताला ते समजू दे. मग घाल काचेत."

सहा वर्षं त्या जहाजाच्या नावानं मी बोटं मोडली होती. आणि त्या क्षणी मला कळलं की त्याला ओरखडासुद्धा आलेला मला चालणार नाही. माझं मलाच नवल वाटलं.

आमच्या सुनेचे, नमिताचे वडील धर्मा खारदांड्याचे. पिढ्यान् पिढ्या मासेमारी. ह्यांनी त्यांना फोन केला. मला वाटलं, ते तरी हसतील आणि विषय संपेल. तर व्याही दुसऱ्याच दिवशी पापलेटं आणि जुन्या जाळ्याची शिशाची वजनं घेऊन हजर! ह्यांनीच मागवली होती ती. अशा उंच जहाजाच्या तळात वजन नसलं तर ते उभंच राहत नाही, कितीतरी खरी जहाजं बंदरातच कलंडली, असं हे मला सांगत होते. सांगता सांगता त्यांनी डेकचा एक चौकोनी तुकडा नखानं उचलला. खाली वजन ठेवायला रिकामी जागा केलेली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून ह्यांच्या मनात पाणीच होतं, आणि इतक्या वर्षांत मला गंधवार्ता नाही.

रविवारी सकाळी टॅक्सीनं खारदांड्याला गेलो. जहाज माझ्या मांडीवर, जुन्या चादरीत. प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरवर खेकसत होते. भरती होती, समुद्र शांत होता आणि जमिनीकडून हलका वारा सुटला होता. धर्माभाऊंनी आम्हाला त्यांच्या होडीत बसवलं आणि थोडं आत नेलं. मग पिशवीतून नारळ काढला.

"अहो, हे खेळण्यातलं..." मी म्हणू लागले.

"विहीणबाई, नवी होरी पान्यान उतरते. तिला नारल नको?" त्यांनी दर्याला नारळ दिला आणि हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मीही मुकाट्यानं हात जोडले.

मागच्या बाजूला लांब दोरी बांधून त्यांनी जहाज अलगद पाण्यावर ठेवलं आणि हात काढला.

ते कललं. एका अंगाला इतकं कललं की डेकची कड पाण्याला टेकली. मी डोळे मिटून घेतले. "गेलं!" असं मोठ्यानं ओरडलेसुद्धा. डोळे उघडले तर ते हळूहळू वर येत होतं. आलं, दुसऱ्या अंगाला थोडं झुकलं आणि सरळ उभं राहिलं. मग वारा आला आणि माझ्या पदराची शिडं फुगली.

काय सांगू! टेबलावर ते मला कधी एवढं मोठं दिसलं नव्हतं. लाटा त्याच्या मापाच्या झाल्या होत्या. बाजूच्या खऱ्या होड्या मला दिसेनाशा झाल्या, वांद्र्याच्या इमारती दिसेनाशा झाल्या. चारशे वर्षांपूर्वी वसईच्या किनाऱ्यावर कुणी बाई उभी असेल, तर तिला असंच दिसलं असेल. धर्माभाऊ तोंडाला हात लावून बघत होते.

दोरी ह्यांच्या हातात होती आणि ती ताठ झाली होती. मी म्हटलं, "बघा, झालं ना तुमच्या मनासारखं?"

ह्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

"मला कळत नाहीये," ते म्हणाले. "माझा हात हलतोय की ते ओढतंय, काहीच कळत नाहीये गं."

दोन्ही हातांनी धरून पाहिलं, बोटाला वेढा देऊन पाहिलं. थरथर थांबेना. शेवटी त्यांनी दोरी माझ्यापुढे धरली. "तू धर. तू सांग."

मी दोरी हातात घेतली. आधी नुसतं ओलं सूत लागलं. मग एक झुळूक आली आणि पलीकडून कुणीतरी हात धरून "चल" म्हणावं, तशी ओढ माझ्या मनगटापर्यंत आली. थोडी सैल पडली, पुन्हा आली. माझा हात आपोआप होडीच्या काठाबाहेर गेला.

"ओढतंय," मी म्हटलं. "अहो, ओढतंय! चांगलं जोरात ओढतंय. जहाज आहे हे, जहाज!"

ह्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर थरथरत होते, ते त्यांनी तसेच थरथरू दिले.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.